तेल वर का राहते? घरगुती प्रयोगांतून घनता शिकवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका घरात सुट्टीच्या दिवसांत चार मुलांसाठी विज्ञानाचे छोटे प्रयोग होत असत. घरातली ११ वर्षांची थोरली व ७ वर्षांचा धाकटा, आणि शेजारची दोन भावंडे, १० वर्षांचा मुलगा व ९ वर्षांची मुलगी, असा हा गट होता. प्रयोग घेणारी आई विज्ञानाची शिक्षिका नव्हती. परंतु ती तयारी मनापासून करी आणि मुले जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवी. मी विज्ञानशिक्षणाचे काम करते आणि या काळात ती अधूनमधून माझ्याशी चर्चा करत होती. हे लेखन तिच्या टिपणांवर आणि त्या चर्चांवर आधारलेले आहे. कुटुंबांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

घनतेसाठी तिने सर्वांना ठाऊक असलेला प्रयोग निवडला: उंच काचेच्या पेल्यात तळाशी मध, त्यावर भांडी घासण्याचा हिरवा द्रव, त्यावर खाण्याचा निळा रंग घातलेले पाणी आणि सर्वांत वर तेल. काही ठिकाणी याच्याही वर स्पिरिटचा थर दिलेला असतो. स्पिरिट ज्वलनशील असते आणि चार मुलांच्या हातांमध्ये ते ठेवणे योग्य नाही, म्हणून तिने तो थर वगळला, आणि तो निर्णय बरोबरच होता. प्रत्येक द्रव चमच्याच्या पाठीवरून सावकाश ओतल्यामुळे थर स्वच्छ उभे राहिले. मुले खूश झाली. जास्त घनतेचा द्रव खाली जातो आणि कमी घनतेचा वर राहतो, हे तिने सांगितले आणि मुलांनी ते जसेच्या तसे म्हणून दाखवले.

अडचण

काही दिवसांनी तिने सहज विचारले की तेल वर का राहिले होते. उत्तरे अशी आली. शेजारचा मुलगा म्हणाला, “काकू, तुम्ही तेल शेवटी ओतलंत ना, म्हणून ते वर राहिलं.” त्याच्या बहिणीच्या मते निळा रंग जड असल्यामुळे निळे पाणी पिवळ्याच्या खाली गेले होते. थोरलीने सांगितले की दाट द्रव खाली जातो आणि पातळ द्रव वर येतो. धाकट्याचे उत्तर सर्वांत थोडक्यात होते: “तेल थोडंसंच होतं.”

आईला वाटले की मुलांचे लक्ष नव्हते. तिची टिपणे वाचल्यावर माझे मत वेगळे झाले. चारही मुलांनी पेल्याकडे अतिशय बारकाईने पाहिले होते, आणि त्यांनी दिलेले प्रत्येक उत्तर त्या पेल्यात दिसलेल्या गोष्टींशी पूर्णपणे जुळत होते. द्रव खरोखरच खालून वर या क्रमाने ओतले गेले होते. प्रत्येक थराचा रंग वेगळा होता. मध सर्वांत दाट आणि सर्वांत खाली होता. तेलाचा थरही इतरांपेक्षा कमी जाडीचा होता. म्हणजे या एकाच प्रयोगातून पाच स्पष्टीकरणे निघत होती, त्यांतले एकच खरे होते आणि उरलेली चार खोटी ठरवायला प्रयोगात काहीच नव्हते. आईने सांगितलेले वाक्य मुलांनी पाठ केले. पण विश्वास ठेवला तो स्वतःच्या डोळ्यांवर, आणि मुलांनी तसेच करावे अशीच आपली इच्छा असायला हवी.

थोरलीच्या उत्तराची दखल स्वतंत्रपणे घ्यावी लागते, कारण तीच समजूत मोठ्यांमध्येही टिकून राहते. द्रव किती सहज वाहतो आणि ठरावीक आकारमानात त्याचे किती वस्तुमान मावते, या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. तेल पाण्यापेक्षा कितीतरी संथ वाहते, तरी पाण्यावर तरंगते. पारा सहज घरंगळतो, तरी त्याची घनता पाण्याच्या साडेतेरा पटींहून अधिक आहे. मध मात्र संथही आहे आणि जडही, आणि नेमका तोच पेल्याच्या तळाशी बसून चुकीच्या समजुतीला दुजोरा देतो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय आईच्या मनात आधीपासून होता: व्याख्या आणि सूत्र सांगावे. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. थोरलीला भागाकार येत होता, शेजारच्या मुलालाही येत होता. या पर्यायात अचूकता होती. पण ‘तेल शेवटी ओतले म्हणून वर राहिले’ असे ज्याला वाटते, त्याला सूत्र दिले तर तो सूत्र पाठ करतो आणि मूळ समजूतही सांभाळून ठेवतो. दोन्ही त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी नांदतात.

दुसरा पर्याय कणांचे चित्र काढून दाखवण्याचा होता: जड द्रवात कण दाटीवाटीने असतात, हलक्यात विरळ असतात. हे चित्र लोकप्रिय आहे आणि एकाच पदार्थाच्या थंड व गरम अवस्थांसाठी बऱ्याच अंशी उपयोगीही पडते. तेल आणि पाण्याच्या बाबतीत मात्र ते अपुरे आहे, कारण तिथे कण किती जवळ आहेत याबरोबरच ते कोणत्या अणूंचे बनले आहेत यालाही महत्त्व आहे. पाण्याच्या वस्तुमानाचा मोठा भाग ऑक्सिजनचा असतो. तेलात मुख्यतः हलके कार्बन आणि हायड्रोजन असतात. पुढे खोडून काढावे लागेल असे चित्र लहान मुलांच्या मनात उभे करू नये, असे माझे मत मी तिला सांगितले.

तिसरा पर्याय आणखी द्रव घेऊन अधिक उंच मनोरा रचण्याचा होता. मुलांची मागणीही तीच होती. पण थर चारऐवजी सात केले तरी प्रत्येक चुकीचे स्पष्टीकरण तितकेच सुरक्षित राहिले असते.

चौथा पर्याय सर्वांत वेळखाऊ होता आणि तोच निवडला गेला: मुलांचे प्रत्येक स्पष्टीकरण खरे मानून त्यावरून पुढे काय व्हायला हवे ते आधी लिहून घ्यायचे, मग करून पाहायचे. समान आकारमानाचे वजन करण्याची कल्पना यातूनच, मुलांना तिची गरज भासेल तेव्हा आणायची, असे ठरले. आईला धास्ती एवढीच होती की आपले उत्तर चुकल्यावर मुले हिरमुसतील. म्हणून भाकीत व्यक्तीचे नसून स्पष्टीकरणाचे मानायचे, असे आम्ही ठरवले. ‘तू चुकलास’ याऐवजी ‘ओतण्याच्या क्रमाचं म्हणणं इथे टिकलं नाही’ असे ती बोलू लागली. या छोट्या बदलाचा उपयोग पुढे फार झाला.

प्रत्यक्ष कृती

सुरुवात ओतण्याच्या क्रमापासून केली. पेल्यात आधी तेल घेतले आणि मग निळे पाणी. पाणी तेलाखाली जाऊन बसले. शेजारचा मुलगा गप्प झाला, पण पटलेला नव्हता. पाणी जोरात ओतले म्हणून ते तेलात घुसले, असे त्याचे म्हणणे पडले. हा आक्षेप योग्य होता. आईने वाद न घालता त्याच्या हातात ड्रॉपर दिला. त्याने तेलाच्या पृष्ठभागाला ड्रॉपरचे टोक जवळजवळ टेकवून निळ्या पाण्याचा एकच थेंब सोडला. थेंब गोल राहून, अजिबात घाई न करता, तेलातून खाली उतरला, आधीच तळाशी असलेल्या पाण्याच्या थराच्या माथ्यावर क्षणभर मण्यासारखा टेकून राहिला आणि मग फुटून त्या पाण्यात मिसळला. मुलाने तो थेंब तसाच पुन्हा पुन्हा सोडून पाहिला. ओतण्याच्या क्रमाचे स्पष्टीकरण नंतर त्याने स्वतःहून कधीही मांडले नाही.

रंगाचा प्रश्न लवकर मिटला. पाणी एकदा लाल केले, एकदा हिरवे, एकदा रंगाविनाच ठेवले; दरवेळी तेल वरच राहिले. तेलात मात्र खाण्याचा रंग विरघळेना, तो थेंबाथेंबाने तसाच खाली जाई. त्यावरून तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत का नाहीत असा प्रश्न निघाला. इथे आईला एक निर्णय घ्यावा लागला. प्रश्न चांगला होता, पण दोन द्रव मिसळतात की नाही आणि त्यांच्यातला जड कोणता, हे दोन वेगळे विषय आहेत. ते एकत्र आले तर ‘मिसळत नाही म्हणून तरंगते’ अशी नवीच समजूत तयार होण्याचा संभव होता. तिने प्रश्न वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आणि तो दुसऱ्या दिवसासाठी राखला.

त्यानंतर धाकट्याच्या स्पष्टीकरणाची पाळी आली, आणि या प्रकरणातील सर्वांत मोलाचा भाग इथे घडला. तेल थोडे होते म्हणून वर राहिले, तर पुष्कळ तेल आणि अगदी थोडे पाणी घेतल्यावर काय होईल? धाकट्याने तेल खाली जाईल असे लिहून दिले, आणि मोठी मुलेही पूर्ण खात्रीने बोलेनात. मोठ्या बरणीत आधी सुमारे अर्धा लिटर तेल घेतले आणि त्यात दोन मोठे चमचे निळे पाणी सोडले. पाणी तळाशी गेले आणि बरणीच्या बुडाला निळी चकती होऊन बसले. तेलाचे वजन ४६० ग्रॅमच्या आसपास होते, पाण्याचे ३० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जड ते खाली, असे सरसकट म्हणावे तर वर राहिलेले तेल पंधरा पटींनी जड होते.

“मग तेल जड आहे की हलकं?” असे शेजारच्या मुलीने जवळजवळ चिडून विचारले. आईने टिपणांत लिहिले आहे की उत्तर तिच्या ओठांवर आले होते. ती थांबली, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरला. मुलांमध्ये वाद सुरू झाला. थोरली म्हणाली, बरणीभर तेल आणि चमचाभर पाणी यांची तुलना करणे हा अन्यायच आहे. मग न्यायाची तुलना कशी करायची, एवढेच आईने विचारले. सारखे भांडे सारखेच भरून घ्यायचे, असे शेजारच्या मुलाने सुचवले. समान आकारमानाचे वजन करण्याची गरज मुलांच्या तोंडून आली, आणि तोपर्यंत वजनकाटा मुद्दाम कपाटातच ठेवलेला होता.

मोजमापाला बसण्यापूर्वी किती द्रव घ्यायचा हे ठरवावे लागले. स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमने मोजणारा होता. २० मिलिलिटर घेतले असते तर पाणी आणि तेल यांच्यातला फरक दीड ग्रॅमच्या आसपास आला असता आणि काट्याच्या व हाताच्या चुकीत बुडून गेला असता. १०० मिलिलिटरला तो फरक सुमारे ८ ग्रॅम होतो, म्हणून तेवढेच घेतले. रिकाम्या भांड्याचे वजन आधी वजा केले. पाण्यासाठी मुलांना ९८, १०१, ९९ असे आकडे मिळाले, तेलासाठी ९० ते ९३. पाण्याचे वजन १०० ग्रॅमच यायला हवे असे थोरलीला शाळेमुळे ठाऊक होते आणि ती आकडे दुरुस्त करायला निघाली. आईने तिला अडवले आणि सगळे आकडे तसेच लिहायला सांगितले. तेलाचा सर्वांत मोठा आकडाही पाण्याच्या सर्वांत लहान आकड्यापेक्षा कमी आहे, हे तक्त्याकडे पाहून ९ वर्षांच्या मुलीने दाखवले. मोजणीत चूक असूनही निष्कर्ष पक्का कसा असू शकतो, हे इतक्या सहजपणे शिकण्याची संधी रोज मिळत नाही.

दाटपणाचे स्पष्टीकरण सर्वांत चिवट निघाले. त्यासाठी पाण्यासारखाच वाहणारा पण जड असा द्रव हवा होता, आणि तो मिठाने दिला. १०० मिलिलिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ ढवळून विरघळवले. हे प्रमाण पाण्यात मावणाऱ्या कमाल मिठाच्या आतच आहे, त्यामुळे तळाशी काही उरले नाही. मिश्रणाचे वजन १३० ग्रॅम झाले, पण आकारमान मोजपात्रात ११० मिलिलिटरच्या जरासे वरच दिसले. मीठ गेले कुठे, हा प्रश्न मुलांनी बराच वेळ चघळला. या मिश्रणाच्या १०० मिलिलिटरचे वजन ११७ ग्रॅमच्या आसपास भरले. चमच्यातून ओतताना ते साध्या पाण्याहून वेगळे भासत नव्हते. त्याला लाल रंग देऊन ड्रॉपरने साध्या पाण्यात सोडले तेव्हा लाल धागे वळसे घेत सरळ तळाशी गेले. उलट, मिठाच्या पाण्यावर रंगीत साधे पाणी हलक्या हाताने सोडले तर ते वरच थांबले. थोरलीने वहीत आपले जुने वाक्य खोडले नाही. त्याखाली ‘तेल दाट आहे तरी वर, मिठाचं पाणी पातळ आहे तरी खाली’ असे लिहिले.

शेवटी बर्फ आला, आणि तो आईच्या योजनेत नव्हता. धाकट्याने विचारले, “आई, बर्फ तेलात बुडेल का?” बर्फाची घनता प्रत्येक मिलिलिटरला सुमारे ०.९२ ग्रॅम, आणि खाण्याच्या तेलांचीही त्याच घरातली, ०.९१ ते ०.९३. त्यामुळे काय होईल हे मोठ्यांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. तेल बदलले तर निकालही बदलू शकतो. या वेळी बर्फाचा खडा तेलात जवळजवळ पूर्ण बुडून, वरचा काठ तेवढा बाहेर ठेवून राहिला. तो वितळू लागला तसे त्याच्या खालच्या टोकाला पाण्याचे थेंब जमले, लोंबले, सुटले आणि तळाशी गेले. जे बर्फ म्हणून तरंगत होते तेच पाणी होताच बुडत होते. थेंबाचे वजन वितळल्याने वाढलेले नाही, तर त्याने व्यापलेली जागा कमी झालेली आहे, या निष्कर्षापर्यंत दोन मोठी मुले आईच्या दोनतीन प्रश्नांच्या मदतीने पोहोचली.

परिणाम

काही आठवड्यांनंतर आईने मुलांना एकेकटे बोलावून नवा प्रश्न विचारला: भला मोठा लाकडी ओंडका पाण्यावर तरंगतो आणि लहानसा खडा बुडतो, हे कसे? थोरली आणि शेजारचा मुलगा या दोघांनी ओंडक्याएवढ्याच पाण्याशी ओंडक्याची तुलना केली. मुलाने तर ओंडक्याच्या आकाराचे भांडे पाण्याने भरून तोलायला हवे, अशी पद्धतही सांगितली. त्याच्या बहिणीने खड्याबद्दल बरोबर विचार केला, पण ओंडक्याजवळ आल्यावर ‘पाणी खूप असतं म्हणून ते पेलतं’ असे म्हटले. धाकट्याची भाकिते बहुतेक बरोबर येत, परंतु कारण विचारले की तो अजूनही लहान-मोठे आणि जड-हलके यांची सरमिसळ करी.

हा निकाल मी समाधानकारक मानते. मुलांच्या विचारांच्या वाढीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि बारबेल इन्हेल्डर यांनी तरंगण्या-बुडण्याविषयी मुलांशी जे संवाद केले, त्यांतही वजन आणि आकारमान यांचा एकत्रित विचार लहान वयात क्वचितच दिसतो आणि वाढत्या वयाबरोबर तो येऊ लागतो. ७ वर्षांच्या मुलाकडून गुणोत्तराची अपेक्षा ठेवणे हे त्याच्यावर ओझे टाकणे झाले असते. त्याला तेल, पाणी आणि मिठाचे पाणी यांचा क्रम न चुकता लावता येतो आणि बरणीतल्या तेलाची गोष्ट तो इतरांना सांगतो. त्या वयासाठी एवढी शिदोरी पुरेशी आहे.

मुलांनी अखेरीस थरांचा पेला पुन्हा केला. या वेळी द्रवांचे वजन आधी केले, क्रम कागदावर लिहिला आणि मुद्दाम उलटसुलट क्रमाने ओतले. मिठाचे पाणी साध्या पाण्यात मिसळून गेले, हे त्यांना अनपेक्षित होते. त्यातून राखून ठेवलेला प्रश्न आपोआप पुढे आला.

काय वेगळे करता आले असते

थरांचा पेला सुरुवातीला न करता शेवटी करायला हवा होता, याबद्दल आई आणि माझे एकमत आहे. पहिल्या दिवशी फक्त तेल आणि पाणी एवढेच दोन द्रव घेऊन, रंगाशिवाय, दोन्ही क्रमांनी ओतून पाहिले असते तर चुकीच्या समजुतींपैकी निदान दोन उभ्याच राहिल्या नसत्या.

भांडी घासण्याचा द्रव वगळायला हरकत नव्हती. त्याचे घटक उत्पादनागणिक बदलतात, त्याची घनता पाण्यापेक्षा थोडीच जास्त असते, आणि पाण्यात तो हळूहळू मिसळत असल्याने थराची सीमा पुसट होते. त्याच्या जागी ग्लिसरीन घेता येते. त्याची घनता सुमारे १.२६ असल्यामुळे फरक ठळक दिसतो, मात्र तेही पाण्यात मिसळते, म्हणून हळुवारपणे ओतावे लागते.

भाकिते सर्वांसमक्ष सांगण्याची पद्धतही बदलायला हवी होती. थोरलीने आधी बोलले की ९ वर्षांची मुलगी आपले मत बदलत असे, आणि हे टिपणांत नंतर स्पष्ट दिसले. ओंडक्याच्या प्रश्नावर तिची जी समजूत उघड झाली ती कदाचित सुरुवातीपासूनच होती, फक्त गटात कधी बोलली गेली नाही. आता आई प्रत्येकाला कागदाचा तुकडा देते, धाकटा चित्र काढतो, आणि सगळे कागद टेबलावर पालथे ठेवल्याशिवाय कोणीही काही ओतत नाही.